पहाटेची पोटदुखी

लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागापुढे सकाळी जी रांग लागते, तिच्यात खोकला, ताप, जुलाब, अंगदुखी, खरूज आणि पोटदुखी यांच्यापलीकडे सहसा फारसे काही नसते. आणि वर्षानुवर्षे त्या रांगेला सामोरे जाणाऱ्या डॉक्टरच्या हाताला हळूहळू एक वळण पडते, की पोट दुखते म्हटले म्हणजे आम्लपित्ताची गोळी, अंग दुखते म्हटले म्हणजे एखादे इंजेक्शन, आणि लगोलग पुढच्या माणसाला हाक. या वळणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्याच्यावाचून दुपारपर्यंत रांग सरणारच नाही. परंतु आषाढ-श्रावणाच्या दिवसांत, जेव्हा बालाघाटाच्या उतारावरची काळी जमीन पाण्याने फुगलेली असते, सोयाबीन गुडघ्याला लागलेले असते आणि बिळांत पाणी शिरल्यामुळे उंदरांमागोमाग त्यांचे भक्षकही कोरड्या जागेच्या शोधात माणसांच्या वस्तीत येतात, तेव्हा त्याच रांगेत, त्याच पोटदुखीच्या वेषात, असे एक दुखणे येऊन उभे राहते की ज्याला सवयीने दिलेली गोळी आणि घरी जाण्याची मुभा हा मृत्यूचा परवानाच ठरावा. मण्यारीचा दंश हे ते दुखणे होय.

मण्यार हा निशाचर साप. दिवसा तो सुस्त असतो, डिवचला तरी बहुधा तोंड लपवून वेटोळे करून पडतो. रात्री मात्र उंदीर, पाली आणि इतर साप यांच्या शोधात घरात, गोठ्यात, आखाड्यावर फिरतो, आणि जमिनीवर वाकळ अंथरून झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली वा कुशीत सापडला की चावतो. त्याचे दात इतके बारीक, आणि दंशाच्या जागी वेदना, सूज वा रक्त इतके अल्प, की झोपलेला माणूस पुष्कळदा जागाही होत नाही. झाला तरी मुंगी किंवा ढेकूण चावला असेल असे समजून कूस बदलतो. मग तीन-चार तासांनी, पहाटेच्या सुमारास, त्याला पोटातून कळ येते, एक-दोन उलट्या होतात, घसा दुखल्यासारखा वाटतो. आखाड्यावर जागलीला गेलेला सालगडी असो की घरात पोराबाळांच्या ओळीत झोपलेली बाई असो, आपल्याला साप चावला आहे हे सांगायला त्याच्यापाशी काहीच नसते. तपासायला बसलेल्या डॉक्टरसमोर कैफियत येते ती एवढीच.

"रात्री जेवून चांगली झोपली होती बघा, पहाटं पोट धरून उठली. लई दुखायलंय म्हणती."

"काय जेवल्या होत्या?"

"भाकर अन् पिठलंच होतं, साहेब. समद्यांनीच खाल्लं."

येथे अनुभवी माणूस थांबतो. सर्वांनी एकच अन्न खाल्ले आणि दुखते एकीलाच, ही पहिली विसंगती. पोटावर हात ठेवावा तर ते मऊ आहे, कोठे दाबून दुखत नाही, आतड्यांचे आवाज व्यवस्थित आहेत. वेदनेच्या मानाने पोटात काहीच सापडत नाही, ही दुसरी. मग तो पुढचा प्रश्न विचारतो, जो पोटदुखीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर नसतो: "रात्री बाजेवर झोपल्या होत्या की खाली?" आणि "खालीच की, पावसाचं वल्लं होतं म्हणून आतल्या खोलीत" असे उत्तर आले, की तो आपले बोट रुग्णाच्या डोळ्यांसमोर धरून सावकाश वर नेतो आणि म्हणतो, "माझ्या बोटाकडे बघा, मान न हलवता." बोट वर जाते, बुबुळे वर जातात, पण पापण्या मागे राहतात. झोपमोड झाल्यामुळे डोळे जड आहेत असे नातेवाईक सांगतात. त्या जडपणाचे नाव पक्षाघात. आणि तो डोळ्यांपासून सुरू होऊन जीभ, घसा, मान आणि शेवटी श्वासाचे स्नायू असा खाली उतरत जाणार असतो.

या अवस्थेत आवश्यक असलेली सामग्री जवळजवळ शून्य आहे, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत लक्षणीय वाटते. रुग्णाला एक दीर्घ श्वास घ्यायला सांगून त्या एका दमात मोठ्याने आकडे मोजायला लावायचे, आणि तो कितीपर्यंत पोहोचला ते केसपेपरावर वेळेसह लिहून ठेवायचे. अर्ध्या तासाने पुन्हा मोजायला लावायचे. सहा वाजता बत्तीसपर्यंत जाणारी बाई साडेसहाला एकविसावर थांबली, तर तिच्या छातीत काय चालले आहे हे सांगायला आणखी यंत्र नको. मान उचलता येते का, जीभ दातांबाहेर निघते का, थुंकी गिळता येते का, हेही असेच पुन्हा पुन्हा पाहायचे. एकदाच केलेल्या तपासणीवर हा आजार पकडता येत नाही. त्याची रुजुवात दोन तपासण्यांमधल्या फरकावरच होते.

मण्यारीचे विष नसेच्या टोकाशी जाऊन, जेथून स्नायूला आज्ञा देणारे द्रव्य सुटते, त्या जागेचीच नासधूस करते. नागाच्या विषाचा मुख्य मारा त्या द्रव्याला स्नायूवर जेथे बसायचे असते त्या बैठकीवर असतो. हा भेद केवळ पंडिती नाही. नागाच्या दंशात ॲट्रोपीन देऊन मग निओस्टिग्मीन दिले, तर आज्ञाद्रव्य अधिक काळ टिकते, विषाशी स्पर्धा करते, आणि तासाभरात मिटलेल्या पापण्या उघडू शकतात. मण्यारीच्या दंशात आज्ञाद्रव्य सुटायचीच पंचाईत असल्याने या औषधाचा उपयोग क्वचितच होतो. शिवाय नागाचा दंश हा बहुधा जाणवणारा, जागा काळी पाडणारा, सुजवणारा असतो. त्याला पोटदुखीचा वेष घ्यावा लागत नाही. मण्यारीच्या विषाने एकदा नसेची टोके निकामी केली की प्रतिविषही ती परत जोडू शकत नाही. ते फक्त रक्तात मोकळे फिरणारे विष निष्प्रभ करते. टोके नव्याने वाढेपर्यंत, दिवसच्या दिवस आणि कधी आठवडेही, कोणीतरी रुग्णाच्या वतीने श्वास घेत राहणे हाच इलाज उरतो.

म्हणून लोह्याहून नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे, जेथे कृत्रिम श्वासोच्छ्वासाची यंत्रे आहेत, जाणारा रस्ता हाही उपचाराचाच भाग समजला पाहिजे. नुसते शिफारसपत्र हातात देऊन रुग्णाला जीपमध्ये बसवणे म्हणजे वाटेतच त्याचा श्वास थांबण्याची तजवीज करणे होय. तोंडावर मुखवटा धरून हाताने दाबायची रबरी पिशवी, जिला दवाखान्यात सर्वजण ॲम्बू बॅग म्हणतात, आणि ती न थकता दाबणारा एक शहाणा माणूस एवढे बरोबर असले तर तासाभराचा प्रवास निभावतो. आणि यंत्रावर ठेवल्यानंतरची एक गोष्ट नातेवाइकांना आणि नव्या डॉक्टरांनाही आवर्जून सांगितली पाहिजे. मण्यारीच्या विषाने बुबुळे विस्फारून प्रकाशाला हलेनाशी होतात, हातपाय लुळे पडतात, चिमट्याला प्रतिसाद मिळत नाही. पाहणाऱ्याला मेंदूच मेला असे वाटते. प्रत्यक्षात तो माणूस शुद्धीवर असू शकतो, आणि खाटेशेजारी उभे राहून कोणी "आता काही राहिलं नाही" असे म्हणाले तर ते त्याला ऐकू येत असते.

घोणस, जिला आपल्या भागात पुष्कळजण परड म्हणतात, तिची तऱ्हा निराळी. ती दिवसाही चावते, कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार करून आधी सूचना देते, आणि चावली की जागा झपाट्याने सुजते, ठणकते. येथे दंश झाला हे सर्वांना माहीत असते. प्रश्न असतो तो विष किती उतरले याचा. कारण विषारी सापाचे पुष्कळ दंश कोरडे असतात, आणि बिनविषारी धामण, दिवड, कवड्या यांचे दंशही भीतीपोटी तितक्याच धावपळीने दवाखान्यात येतात. अशा वेळी सोबतचे लोक मारलेला साप पिशवीत घालून मुद्देमालाप्रमाणे डॉक्टरच्या टेबलावर ठेवतात. त्याचा उपयोग थोडा आणि धोका अधिक. साप मारायच्या नादात दुसऱ्यालाही दंश झाल्याची उदाहरणे आहेत, आणि तुटलेले डोकेही काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते. शिवाय ओळख सोपी नाही: कवड्यावरचे पांढरे पट्टे मानेशी ठळक असून शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचे मानेशी नसतात किंवा पुसट असतात आणि मागे जोडीजोडीने ठळक होत जातात, हे भेद पिशवीतल्या ठेचलेल्या देहावर कंदिलाच्या उजेडात पाहणे कितपत शक्य आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे. सापाचे पाहण्यापेक्षा रुग्णाचे पाहावे हे या शास्त्रातले व्यवहाराचे सूत्र असून, घोणस आणि फुरसे यांच्या बाबतीत ते पाहण्याचे साधन म्हणजे एक काचेची नळी.

ही चाचणी इतकी साधी आहे की तिच्यावर विश्वास बसायलाच वेळ लागतो. रुग्णाच्या शिरेतून दोन-तीन मिलिलिटर रक्त काढून ते नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सोडायचे, नळी टेबलावर उभी ठेवायची, घड्याळ पाहायचे, आणि वीस मिनिटे तिला हातसुद्धा लावायचा नाही. वीस मिनिटांनी ती एकदाच तिरपी करायची. गोठलेले रक्त जागचे हलत नाही. पाण्यासारखे वाहिले, तर घोणसीच्या किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठवणारी द्रव्ये खर्ची घातली आहेत, आणि प्रतिविष ताबडतोब द्यायला हवे. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली उत्तर नायजेरियात फुरशाच्या जातभाईंच्या दंशांवर काम करताना ही रीत वर्णिली, आणि आज ती आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचली आहे.

साधेपणातच तिची मेख आहे. काचेचा पृष्ठभाग स्वतःच रक्त गोठण्याची क्रिया सुरू करून देतो. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा सिरिंजमध्ये ते काम तसे होत नाही, आणि साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरलेल्या काचनळीत साबणाचा अंश राहून काचेचा तो गुण मारला जातो. मग निरोगी माणसाचे रक्तही वाहू लागते आणि ज्याला काहीच झालेले नाही त्याच्या शिरेत दहा कुप्या प्रतिविष जाते. दहाव्या मिनिटाला उत्सुकतेने नळी हलवून पाहणाऱ्या हाताचाही निकाल असाच बिघडतो. शंका आली तर बरोबर आलेल्या नातेवाइकाचे रक्त दुसऱ्या नळीत घालून शेजारी ठेवावे. ते गोठले आणि रुग्णाचे गोठले नाही, तर निकालावर शिक्कामोर्तब झाले असे समजावे. आणि पहिल्या नळीतले रक्त गोठले तरी रुग्णाला तेवढ्यावर घरी पाठवू नये, कारण विष सावकाशही चढते. चोवीस तास त्याला नजरेखाली ठेवून चाचणी पुन्हा पुन्हा करावी. प्रतिविष दिल्यावर पुढची चाचणी सहा तासांनी करायची, कारण यकृताला गोठवणारी द्रव्ये नव्याने तयार करायला साधारण तेवढा अवकाश लागतो. त्याआधी नळी तिरपी करून हताश होणाऱ्यांनी विनाकारण पुष्कळ कुप्या वाया घालवल्या आहेत.

प्रतिविषाचा इतिहासही या प्रदेशाशी अगदीच असंबद्ध नाही. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी १८९४-९५च्या सुमारास घोड्यांच्या रक्तजलापासून पहिले प्रतिविष तयार केले. आपल्याकडे मुंबईत परळला प्लेगच्या संशोधनासाठी १८९९ साली स्थापन झालेली प्रयोगशाळा, जी १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते, तिने महाराष्ट्राला वर्षानुवर्षे ते पुरवले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष अल्प प्रमाणात वाढवीत घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली विरोधी द्रव्ये वेगळी काढली, वाळवली, की कुपीतली ती पांढरी पूड तयार होते. बहुतेक रुग्णांत आठ ते दहा कुप्यांनी आरंभ करतात, आणि मुलाला मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण सापाने मूल म्हणून विष कमी सोडलेले नसते. घोड्याचे प्रथिन अनेकांना मानवत नाही. अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, घसा आवळतो. यासाठी ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवल्याखेरीज प्रतिविष सुरू करू नये, आणि विषबाधेचे लक्षण नसताना केवळ नातेवाइकांच्या समाधानासाठी ते देऊ नये. गर्दीचा आग्रह चालू असताना औषध न देता रुग्णाशेजारी बसून राहणे याला जे धैर्य लागते, त्याची परीक्षा कोणत्याही विद्यापीठात होत नाही.

विंचवाचे प्रकरण याच दवाखान्यात, याच हंगामात, पण उलट्या न्यायाने चालते. ज्याला विंचू चावला आणि जो वेदनेने गडबडा लोळतो आहे, त्याची बहुधा काळजी नसते. दंशाच्या जागी बधिर करण्याचे औषध टोचले की तो शांत होतो. काळजी त्याची, जो फारसा ओरडत नाही पण ज्याला दरदरून घाम फुटला आहे, उलटी झाली आहे, लाळ गळते आहे आणि ज्याचे हातपाय बर्फासारखे गार आहेत. लाल विंचवाच्या विषाने शरीरातली स्वायत्त मज्जासंस्था पिसाळते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या भाराखाली दमते, फुप्फुसांत पाणी भरते आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड या गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावसकर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा अशा रुग्णांचे करायचे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून कोणते लक्षण केव्हा दिसते याची तासागणिक टिपणे ठेवली. घाम, उलटी आणि गार हातपाय ही हृदयावरच्या संकटाची पूर्वसूचना आहे हे १९८२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले. आणि पुढे उच्च रक्तदाबासाठी वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून दाखवल्या. ज्या दुखण्यात गंभीर रुग्णांपैकी फार मोठा हिस्सा दगावत असे, त्यात मृत्यू विरळा झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्यातला मुलगा कोकणात जाऊन विंचवाचा इलाज शोधतो आणि तो इलाज परत मराठवाड्यातल्या विंचवालाही लागू पडतो, यात मला अभिमानापेक्षा गंमत अधिक वाटते. नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेड येथे सर्पदंशाच्या रुग्णांना वाहून घेतलेल्या डॉ. दिलीप पुंडे यांचे नावही येथे घेतले पाहिजे.

तथापि घाम, लाळ आणि उलटी ही त्रयी दिसली की विंचू असे म्हणून मोकळे होण्याची सोयही या भागात नाही, कारण कापूस-सोयाबीनवर फवारणी करणारा मजूर तीच त्रयी घेऊन येतो. त्याच्या बुबुळांकडे पाहावे: ती टाचणीच्या टोकाएवढी बारीक झालेली असतात, अंगाला व कपड्यांना औषधाचा उग्र दर्प असतो, नाडी मंद असते, आणि त्याला लागते ते ॲट्रोपीन, तेही पुस्तकात वाचून भीती वाटावी इतके. विंचवाच्या रुग्णाला तेच ॲट्रोपीन दिले तर हृदयावरचा भार वाढतो. बुबुळावर टाकलेला बॅटरीचा एक झोत हा दोन उपचारांतला, आणि पुष्कळदा दोन परिणामांतला, फरक करतो.

हे सर्व दवाखान्यात आल्यानंतरचे. त्याआधीच्या तासांचा हिशेब निराळा आहे. पान लागलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर नेऊन बसवायचे, कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा, तो कडू लागला तर विष उतरले असे मानायचे, ही रीत अजून सर्वस्वी गेलेली नाही. आणि ती टिकण्याचे कारण अज्ञानाइतकेच अंकगणितही आहे, कारण कोरडे दंश आणि बिनविषारी दंश मिळून मांत्रिकाचे बहुतेक रुग्ण आपोआपच बरे होत असतात. मण्यारीचा रुग्ण तर अर्धी रात्र पाला चावू शकतो. जिभेची चव आणि श्वासाचे स्नायू यांचा परस्परांशी संबंध नाही. दोरीने करकचून बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने ओढणे यांनी विष जात नाही. बांधलेला पाय मात्र सडू शकतो, आणि रक्त न गोठणाऱ्या माणसाला दिलेली चीर थांबता थांबत नाही. मोडलेल्या हाडाप्रमाणे अवयव फळीला बांधून स्थिर करावा, अंगठी-जोडवी-कडे सूज येण्यापूर्वी काढावे, चालायला लावू नये, आणि १०८ क्रमांकाची गाडी वा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून, जे आधी मिळेल त्याने निघावे.

देशपातळीवरचे आकडे पाहिले तर ही घाई अतिशयोक्ती वाटणार नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. हा अंदाज घरोघर जाऊन मृत्यूची चौकशी केल्यामुळे मिळाला. दवाखान्यांच्या दफ्तरांतून निघणारा आकडा याच्या पासंगालाही पुरत नव्हता, कारण पुष्कळ माणसे दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले, आणि २०२४ साली केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

नोंदीचा हा प्रश्न दिल्लीपुरता नाही. शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. पण पहाटे पोटदुखी म्हणून आलेल्या आणि दुपारी श्वास थांबून गेलेल्या माणसाच्या केसपेपरावर मण्यारीचा संशय कोणी लिहिलाच नसेल, तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि तहसीलातले खेटे यांतून त्या कुटुंबाच्या हाती काय पडेल हे सांगायला नको. खाली झोपला होता, पापण्या मिटत होत्या, एका दमातला आकडा बत्तिसावरून एकविसावर आला, दंशाची खूण सापडली नाही तरी मण्यारीचा दंश समजून प्रतिविष सुरू केले, वेळ सहा पस्तीस: एवढ्या चार ओळी निदानाच्या क्षणीच कागदावर आल्या, तर त्या नांदेडला यंत्राशी उभ्या असलेल्या डॉक्टरच्याही कामी येतात आणि, दुर्दैवाने वेळ आलीच तर, वारसांच्याही.

जे बरे होऊन घरी जातात, आणि वेळेत आलेले बहुतेक जातात, त्यांना निघताना दोन गोष्टी सांगाव्यात. घोणसीचा दंश झालेल्याने लघवी कमी होते का, गडद येते का, पाय सुजतात का याकडे लक्ष ठेवावे आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यायला ठरल्या दिवशी परत यावे, कारण पायाची सूज उतरली म्हणजे मूत्रपिंडही सावरले असे होत नाही. आणि मण्यारीच्या रुग्णाच्या घरच्यांनी, बाज घेणे जमत असेल तर बाज घ्यावी, नसेल तर जमिनीवरच्या अंथरुणालाही मच्छरदाणी लावून तिच्या कडा चहूबाजूंनी वाकळेखाली नीट खोवाव्यात. डासांसाठी घेतलेली ती जाळी मण्यारीलाही आत शिरू देत नाही.